स्वावलंबनाचे संस्कार : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन

वाईच्या घाटांना स्पर्श करून वाहणारी कृष्णामाई पुढे सातारा, कऱ्हाड, वाळवे या भागांना समृद्ध करीत सांगलीकडे जाते. हरिपूरच्या संगमावर तिला वारणा मिळते. या दोन नद्यांच्या खोऱ्यांत ज्यांचे बालपण गेले, ज्यांचे कार्य उभे राहिले आणि ज्यांच्या नावाने आज खेड्याखेड्यांतील शाळा ओळखल्या जातात, ते पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन समाजात जन्मलेले आणि अवघ्या रयतेचे झालेले थोर पुरुष होते. ‘शिक्षणमहर्षी’ म्हणून त्यांचा गौरव नेहमीच होतो. परंतु सहस्रावधी मुलांना स्वतःच्या पायांवर उभे करणारा एक पालक म्हणून त्यांच्या जीवनाकडे फारसे पाहिले जात नाही. मुले आत्मविश्वासू व्हावीत, स्वावलंबी व्हावीत, अशी इच्छा प्रत्येक आईवडिलांची असते. ती कशी होतात, याचा वस्तुपाठ भाऊरावांच्या चरित्रात आहे.

जन्म व बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, बाहुबली डोंगराच्या परिसरात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व मातोश्रींचे नाव गंगूबाई. घराणे दिगंबर जैन असून मूळचे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे ते वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांच्या बदल्या होत आणि मुलाचे प्राथमिक शिक्षण विटे, दहिवडी अशा गावी तुटक तुटक होत राहिले.

लहानगा भाऊ अभ्यासात चमकणारा नव्हता. पोहणे, कुस्ती, रानावनातून भटकणे यांत त्याचे मन रमे. कुंभोजच्या डोंगरात आश्रयाला असलेल्या सत्याप्पा भोसले या बंडखोराचा त्याला लळा होता. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची धिटाई या सहवासातून त्याच्या अंगी आली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून या मुलाने संतापाने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मुलाच्या अशा वागण्याचा कोणत्याही सरळमार्गी नोकरदार पित्याला मनस्ताप व्हावा, यात नवल नाही. परंतु जी ऊर्जा त्या वयात हूडपणा म्हणून दिसते, तीच योग्य वळण मिळाल्यास पुढे कर्तृत्व होते, याचा विसर पालकांना अनेकदा पडतो.

वसतिगृहातून बाहेर

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाला शिक्षणाच्या मार्गावर आणणारे थोर पुढारी अण्णासाहेब लठ्ठे हे त्या बोर्डिंगचे व्यवस्थापक होते. शिस्त कडक होती आणि तत्कालीन सोवळ्या-ओवळ्याचे नियमही कडक होते.

सन १९०८ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर, स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्याची परिणती बोर्डिंग सोडण्यात झाली.

हा प्रसंग समाजाच्या दृष्टीने अभिमानाचा नाही, तरीही तो सांगितलाच पाहिजे. संस्था आपली होती, मुलगाही आपलाच होता. नियम मोडणारा मुलगा उद्धट ठरला आणि काळाने मात्र त्याचीच बाजू योग्य ठरविली. विचारपूर्वक दिलेला नकार आणि हट्ट यांतील भेद ओळखणे मोठ्यांना नेहमीच अवघड जाते.

बोर्डिंग सुटल्यावर भाऊरावांना शाहू महाराजांचा आश्रय लाभला. परंतु शाळेतील प्रगती बेताचीच राहिली. इंग्रजी सहावीत ते गणितात अनुत्तीर्ण झाले. त्यांना वरच्या वर्गात घ्यावे म्हणून खुद्द महाराजांनी शब्द टाकला असता, गणिताचे शिक्षक भार्गवराम कुलकर्णी यांनी तो नम्रपणे परंतु ठामपणे नाकारला. हा मुलगा ज्या बाकावर बसतो ते बाक एक वेळ वरच्या वर्गात जाईल, परंतु तो जाणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. त्या शिक्षकांविषयी भाऊरावांच्या मनात पुढे कधी कटुता राहिली नाही, उलट त्यांच्या निःस्पृहतेचे त्यांना कौतुकच वाटे. वशिल्याने मिळालेले यश मुलाला दुर्बळ करते आणि प्रामाणिकपणे पदरी आलेले अपयश त्याला घडविते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत. त्यांचे शालेय शिक्षण तेथेच संपले.

सत्यासाठी सोसलेली झळ

त्यानंतर भाऊराव साताऱ्यास आले आणि खासगी शिकवण्या करून चरितार्थ चालवू लागले. ‘पाटील मास्तर’ म्हणून त्यांचा लौकिक झाला. याच सुमारास, १९१० च्या आसपास, वारणाकाठच्या दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने सर्व जातींच्या मुलांसाठी त्यांनी एक विद्यार्थी आश्रम सुरू केला. पुढील प्रचंड कार्याचे बीज तेथे पडले.

सन १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचा प्रकार घडला आणि त्याचा संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, यासाठी पोलिसांनी भाऊरावांवर दडपण आणले. ती साक्ष खोटी असल्यामुळे त्यांनी नकार दिला. त्यांना कोठडीत डांबण्यात आले, मारहाण झाली. छळ इतका असह्य झाला की जीव नकोसा व्हावा. तरीही त्यांनी शब्द फिरविला नाही.

ज्या लठ्ठ्यांच्या व्यवस्थेखालील बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच लठ्ठ्यांविरुद्ध एक खोटे वाक्य उच्चारले असते, तर त्यांची सुटका झाली असती आणि जुना सलही निघाला असता. तो मोह त्यांना झाला नाही. सत्य आणि क्षमा ही व्रते प्रवचनात ऐकणे सोपे आहे. एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने ती कोठडीत आचरून दाखविली. हेच लठ्ठे पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. भाऊरावांच्या त्या मौनाने समाजाचा एक मोठा पुढारी वाचविला.

वर्गात मागे पडणाऱ्या, नियम मोडणाऱ्या एका मुलाच्या ठिकाणी हे धैर्य आले कोठून? मुलाची परीक्षा केवळ गुणपत्रिकेवर करणाऱ्या प्रत्येक पालकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा असा आहे.

रयतेचे घर

पुढील काही वर्षे भाऊरावांनी उद्योगधंद्यांत काढली. ओगले यांचा काचकारखाना, किर्लोस्करांचे नांगर, साताऱ्याजवळील कूपर यांचा कारखाना यांच्या कामानिमित्त ते गावोगाव हिंडले. माल विकताना त्यांनी खेडे जवळून पाहिले. शेतकरी कर्जात का बुडतो, अंगठा उठवून जमीन कशी जाते, शाळेच्या दारातून कोणाची मुले परत पाठविली जातात, हे सर्व त्यांच्या दृष्टीस पडले. शाळेत वर्गाबाहेर बसून शिकणाऱ्या ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य मुलास त्यांनी स्वतःबरोबर कोल्हापूरला नेले आणि मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. हेच घोलप पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. याच काळात वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे कार्यही चालू होते. एकीकडे शास्त्राध्ययनाची परंपरा नव्या विचारांनी उजळत होती, तर दुसरीकडे ज्यांच्या घरात अक्षरच शिरले नव्हते अशांच्या दारी पाटी-पेन्सिल पोहोचत होती. एकाच कृष्णाकाठाने हे दोन्ही यज्ञ पाहिले.

सन १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत, एकाच पंक्तीला बसत आणि आळीपाळीने स्वयंपाक करीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्यांना एका जैन बोर्डिंगमधून स्पर्शास्पर्शाच्या कारणावरून बाहेर पडावे लागले, त्यांनीच अठरापगड जातींच्या मुलांना एकत्र जेवू घालणारे बोर्डिंग उभे केले.

लक्ष्मीबाई : मुलांची वहिनी

या घराची माउली होत्या भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई. कुंभोजच्या पाटील घराण्यातील ही कन्या सनातन जैन आचारविचारांत वाढलेली. सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये यांचा तिच्या मनावर खोल ठसा. अशा गृहिणीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या चुलीपाशी बसविणे हे त्या काळी किती मोठे परिवर्तन होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. पतीने त्यांच्यावर सक्ती केली नाही. आईवाचून आलेली पोरे पाहता पाहता त्या स्वतःच त्यांची आई झाल्या. मुले त्यांना प्रेमाने ‘वहिनी’ म्हणत.

भाऊराव निधीसाठी गावोगाव फिरत आणि घरी धान्य संपलेले असे. एकेक करीत लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मुलांच्या अन्नासाठी दिले. अखेर गळ्यातील मंगळसूत्रातील सोनेही त्यांनी बोर्डिंगच्या मुलांसाठी काढून दिले. सन १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचे वैभव पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

कमवा आणि शिका

एवढ्या मायेने वाढविलेली ही मुले लाडावली कशी नाहीत? याचे उत्तर भाऊरावांच्या पद्धतीत आहे. त्यांनी मुलांना अन्न दिले, निवारा दिला, परंतु आयते काही दिले नाही. पहाटे उठणे, पाणी भरणे, लाकूड फोडणे, दळण-भाकरी, झाडलोट, भाजीचे वाफे ही सर्व कामे मुलेच करीत. वसतिगृहाच्या दैनंदिन कारभारात मुलांवर जबाबदाऱ्या असत. जिन्नस किती आला, किती लागला, याचा हिशेब ठेवताना अंकगणित आपोआप पक्के होई आणि दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त म्हणून वागण्याची सवय लागे.

सन १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण देणारी निवासी माध्यमिक शाळा हा आपल्या देशातील एक अपूर्व प्रयोग होता. शेतात, बागेत, रस्त्याच्या आणि बांधकामाच्या कामावर मुले काही तास राबत आणि त्या श्रमातून त्यांच्या शिक्षणाचा खर्च निघे. खडकाळ माळावर मुलांच्या हातांनी पिके उभी राहिली. सन १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा हाच ‘कमवा आणि शिका’ योजनेचा मार्ग महाविद्यालयापर्यंत पोहोचला.

या योजनेमागील दृष्टी केवळ पैसे वाचविण्याची नव्हती. फुकट मिळालेल्या शिक्षणाने गरीब मुलाच्या मनात उपकाराचे ओझे निर्माण होते आणि ओझ्याखाली मान ताठ राहत नाही. स्वतःच्या घामातून फी भरणारा मुलगा मात्र कोणापुढे मिंधा होत नाही. दानाची किंमत भाऊरावांनी कमी लेखली नाही, दात्यांच्या दारी ते स्वतः अनवाणी हिंडले. परंतु दान संस्थेने घ्यावे आणि मुलाने मात्र कमवावे, अशी त्यांची रीत होती. मुलाचा स्वाभिमान अबाधित ठेवून त्याला मदत करण्याची ही हातोटी आजच्या दानशूर समाजानेही अभ्यासावी अशी आहे.

मुलांच्या कुवतीवर त्यांचा विश्वास विलक्षण होता. एका सामान्य शेतकऱ्याचा बोर्डिंगमध्ये वाढलेला मुलगा, पांडुरंग गणपती पाटील, संस्थेच्या पाठबळाने विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला. परतल्यावर त्याने आपले आयुष्य संस्थेलाच वाहिले आणि पुढे तो शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. बॅ. पी. जी. पाटील यांचे हे उदाहरण एकमेव नाही. या वसतिगृहांतून शिक्षक, शास्त्रज्ञ, न्यायाधीश, लोकप्रतिनिधी निघाले. शिकून मोठा झालेला मुलगा परत येऊन धाकट्यांचा हात धरतो, ही परंपरा तेथे रुजली.

विस्तार आणि अखेर

शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. जेथे सरकारी शाळा पोहोचत नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा उघडल्या. गांधीजींच्या निर्वाणानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. मध्यंतरी सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा संत गाडगे महाराजांसारखे लोकसेवक आणि सामान्य जनता त्यांच्या पाठीशी उभी राहिली. कऱ्हाडला १९५४ मध्ये निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव आहे.

सन १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. पदवी अर्पण केली. गणितात नापास होऊन शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने डॉक्टर केले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती. स्वतःसाठी त्यांनी काही साठविले नाही. संस्थेने २०१९ मध्ये शतक पूर्ण केले आणि २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले.

पालकांसाठी पाथेय

जैन तत्त्वज्ञान सांगते की प्रत्येक आत्म्याचे उत्थान त्याच्या स्वतःच्या पुरुषार्थानेच होते. तीर्थंकर मार्ग दाखवितात, परंतु चालावे ज्याचे त्यानेच लागते. ‘श्रमण’ या शब्दाच्या मुळाशीही श्रमच आहे. भाऊरावांनी धर्माचा उच्चार फार केला नाही, परंतु या तत्त्वाचा आचार त्यांच्या प्रत्येक वसतिगृहात होता. मुलासाठी मार्ग मोकळा करावा, त्याच्याऐवजी आपण चालू नये, हे त्यांच्या पालकत्वाचे सार म्हणता येईल.

आज आपल्या घरांत सुबत्ता आहे. मुलाचे दप्तर आई भरते, क्लासची निवड वडील करतात, पुढे दुकानाची गादीही तयार असते. मुलाने पाण्याचा पेला स्वतः उचलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. प्रेमापोटी होणारे हे सर्व त्याला नकळत परावलंबी करते. भाऊरावांची मुले गरीब होती म्हणून राबली, आपल्या मुलांना कशाला कष्ट, असा विचार मनात येणे साहजिक आहे. परंतु श्रमाची गरज पोटापुरतीच नसते. स्वतःच्या हातून एखादे काम पुरे झाले की मुलाच्या डोळ्यांत जी चमक येते, तोच आत्मविश्वास. तो बाजारात विकत मिळत नाही.

घरातील एक काम मुलाच्या हाती पूर्णपणे सोपवावे आणि चुकले तरी मध्ये पडू नये. खर्चाला पैसे द्यावेत, त्याचा हिशेब त्यालाच लिहू द्यावा. अपयश आले तर ओळखीपाळखीने ते झाकू नये. त्याने एखादा अवघड प्रश्न विचारला, रूढीविषयी शंका घेतली, तर लगेच त्याला उद्धट ठरवू नये. अनेकान्ताची शिकवण घराच्या उंबरठ्याच्या आतही लागू आहे. कन्येलाही हे सर्व पुत्राइतकेच मिळावे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, थोडा धीर हवा.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागील पन्नास वर्षांच्या कार्याचे स्मरण होत असताना पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या खांद्यावर आहेत त्या बालकांकडेही दृष्टी जाणे अगत्याचे आहे. भाऊरावांसारखा एखादा हूड, हट्टी, गणितात कच्चा परंतु अन्यायाने अस्वस्थ होणारा मुलगा किंवा मुलगी आजही आपल्या एखाद्या घरात असेल. त्याला घराबाहेर पडावे न लागता घरातच वाढता आले, तर ती या कर्मवीरास वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि माता लक्ष्मीबाई यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.